दर पावसाळ्यात स्टेशनची उंची घसरते: भार किती, बिघाड किती

मे अखेरपर्यंत जीएनएसएस स्टेशनच्या, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांच्या सिग्नलवरून जमिनीची जागा सतत मोजणाऱ्या स्टेशनच्या, उंचीचा आलेख नीट चाललेला असतो. मृग लागला की रेषा खाली वळते, आषाढ-श्रावणात विस्कटते, हस्ताच्या पावसापर्यंत तळ गाठते आणि दिवाळीनंतर हळूहळू पुन्हा वर येते. कोकणातल्या कायमस्वरूपी जीएनएसएस स्टेशनचा दोन-तीन वर्षांचा डेटा ज्याने सोडवून रोजची उंची काढली आहे, त्याला हा आकार ओळखीचा असतो. प्रश्नही दरवर्षी तोच येतो: जमीन खरोखर खाली गेली, की अँटेनात पाणी शिरले?

दोन्ही घडते, आणि बऱ्याचदा एकाच वेळी घडते. म्हणून घसरण दिसल्याबरोबर फिल्टर लावून ती पुसू नका, आणि तपासल्याशिवाय तिला भूकवचाची हालचालही म्हणू नका. आधी दोन गोष्टी बघा. घसरण किती दिवसांत झाली, आणि शेजारची स्टेशने तिच्याबरोबर घसरली का? पाण्याच्या भाराने होणारी हालचाल आठवड्या-महिन्यांची असते आणि शंभर किलोमीटरच्या टापूत सगळ्यांची मिळून असते. बिघाड एका स्टेशनचा असतो आणि बहुतेक वेळा त्याची तारीख सांगता येते.

घसरण किती असली तर रास्त

जमिनीवर पाणी साठले की भूकवच लवचीकपणे दबते आणि पाणी ओसरले की वर येते. भारतीय उपखंडात मान्सूनचा हा भार मोठा आहे. बहुतेक स्टेशने एप्रिल-मेमध्ये सर्वांत वर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत खाली असतात. कोकणात वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एक सेंटीमीटरच्या आसपास फरक दिसला तर त्यात वावगे काही नाही. दोन सेंटीमीटरच्या वर गेला तर शंका घ्या.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. 'रत्नागिरीत तीन मीटर पाऊस पडतो, मग घसरणही मोठी असणारच' असे धरले जाते. पण भार पडलेल्या पावसाचा नसतो, साठून राहिलेल्या पाण्याचा असतो. कोकणपट्टी अरुंद आणि उताराची आहे. सावित्री, वाशिष्ठी, काजळी या नद्या लहान आहेत आणि घाटमाथ्यावरचे पाणी एक-दोन दिवसांत खाडीला नेऊन टाकतात. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भेगांतून उतरून पऱ्ह्याला लागतो. त्यामुळे कोकणातल्या स्टेशनला दाबणारे बरेचसे पाणी सह्याद्रीच्या पलीकडे, देशावरच्या मातीत, भूजलात, धरणांत आणि त्याहूनही लांब उपखंडाच्या आत साठलेले असते.

अंदाज कागदावर काढता येतो. त्रिज्या a असलेल्या गोल भागावर सारखा दाब p असेल, तर मध्यभागी जमीन 2(1−ν²)pa/E इतकी दबते. ν हे खडकाचे पॉयसन गुणोत्तर ०.२५ आणि E हा त्याचा लवचीकता गुणांक १०० गिगापास्कल धरा. शंभर किलोमीटर त्रिज्येवर अर्धा मीटर पाणी साठले, तर p सुमारे ४,९०० पास्कल होतो आणि मध्यभागी घसरण ९ मि.मी.च्या जवळ येते. किनाऱ्यावरचे स्टेशन मात्र या वर्तुळाच्या मध्यावर नसते, काठावर असते. काठावर घसरण मध्याच्या २/π पट, म्हणजे ६४ टक्के होते: ६ मि.मी.ला थोडी कमी. सोलापूरच्या आणि रत्नागिरीच्या आलेखाची उंची सारखी यावी अशी अपेक्षा ठेवणारे इथेच चुकतात.

धरणाचा हिशेब वेगळा करा. कोयनेच्या शिवसागराची क्षमता १०५ टीएमसी. जून ते सप्टेंबर साठा ७५ टीएमसीने वाढला असे धरले, तर ते २.१ अब्ज घनमीटर पाणी होते. हा भार एका बिंदूवर मानून (1−ν²)F/(πEr) हे सूत्र (F पाण्याचे वजन, r अंतर) लावले, की ३० किलोमीटरवर सुमारे २ मि.मी. घसरण निघते आणि ७५ किलोमीटरवर १ मि.मी.पेक्षाही कमी. म्हणजे चिपळूणच्या स्टेशनात कोयना दिसू शकते. रत्नागिरी शहरातल्या स्टेशनात ती रोजच्या विखुरण्यात, म्हणजे रोजच्या उत्तरांच्या वर-खाली होण्यात, बुडून जाते. चिपळूणच्या मालिकेत धरणाचा भाग शोधायचा असेल, तर पाणीपातळीची रोजची नोंद घ्या आणि उंचीशी थेट ताडून बघा. नुसती साइन लाट बसवू नका, कारण धरण साइन लाटेत भरत नाही. जुलैच्या एका आठवड्यातही ते झपाट्याने भरते.

आडवी हालचालही उपयोगी पडते. भार जिकडे असतो तिकडे स्टेशन ओढले जाते. कोकणात भार पूर्वेला आणि पश्चिमेला समुद्र, म्हणून पावसाळ्यात एक-दोन मि.मी. पूर्वेकडे, म्हणजे जमिनीच्या बाजूला, झुकाव दिसला तर तो भाराशी जुळतो. स्टेशन पश्चिमेकडे किंवा उताराच्या दिशेने सरकत असेल, तर खांबाखालची जमीन बघायला जा. हे बघताना आधी भारतीय पट्ट्याची कायमची सरक, वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर ईशान्येकडे, काढून टाकायला विसरू नका.

उपग्रहाच्या कोनाची चाचणी

एकच चाचणी करायला वेळ असेल तर ही करा. खरी हालचाल झाली असेल, तर क्षितिजाजवळचे उपग्रह घेतले काय किंवा गाळले काय, उत्तर तेच यायला हवे. हवेचा, परावर्तनाचा किंवा अँटेनाच्या मॉडेलचा दोष असेल, तर उत्तर कटऑफ कोनाबरोबर, म्हणजे ज्या कोनाखालचे उपग्रह गाळतो त्याच्याबरोबर, बदलते.

सगळी वर्षे पुन्हा सोडवायची गरज नाही. १ ते १० मे आणि २१ ते ३० सप्टेंबर असे वीस दिवस घ्या. तेच दिवस ७, १०, १५ आणि २० अंश कटऑफने सोडवा. ८० सोडवणुका होतात, साध्या संगणकावर पीपीपी (एकट्या स्टेशनच्या डेटावरून अचूक जागा काढण्याच्या) पद्धतीने संध्याकाळभरात उरकतात. मग प्रत्येक कोनासाठी मे वजा सप्टेंबर हा फरक काढा. चारही फरक दोन-तीन मि.मी.च्या आत राहिले, तर घसरण खरी मानून पुढे चला. ७ अंशाला १४ मि.मी. आणि २० अंशाला ५ मि.मी. असे काही आले, तर बहुतेक दोष खालच्या कोनांत आहे. तिथे तीन संशयित असतात: हवेतली वाफ, ओली जमीन आणि झाडे.

वीस अंशाला विखुरणे वाढते, म्हणून एकेका दिवसाची तुलना करू नका. दहा दिवसांची सरासरीच बघा.

हवेतली वाफ

कोकणात हिवाळ्याच्या कोरड्या दिवशी डोक्यावरच्या दिशेने वाफेमुळे सिग्नलला, अंतरात मोजला तर, सुमारे १५ सें.मी. उशीर होतो. जुलैत तोच ३५ ते ४० सें.मी.वर जातो. कोरड्या हवेचा उशीर समुद्रसपाटीला २.३ मीटरच्या आसपास आणि वर्षभर बऱ्यापैकी स्थिर असतो. सॉफ्टवेअर वाफेचा भाग स्वतः मोजते, पण उंची, घड्याळ आणि वाफ या तिन्हींची एकमेकांत सरमिसळ होते. ठोकताळा असा: ५ अंशाच्या तिरक्या वाटेवर जितकी चूक राहील, त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी चूक उंचीत उतरते. तिरक्या वाटेवर २ सें.मी. चुकले की उंचीत ४ मि.मी. जातात.

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक दाबाची आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरांत न सांगता प्रमाण वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल, वर्षभर धरलेले असते. कोकणात जानेवारीत ते जवळपास खरे असते. जुलैत दाब त्याच्या ८ ते १० हेक्टोपास्कल खाली असतो. एका हेक्टोपास्कलला डोक्यावर २.३ मि.मी. उशीर, म्हणजे वीस-बावीस मि.मी. कोरडा उशीर जास्त धरला जातो. सॉफ्टवेअर तो वाफेच्या खात्यातून वजा करते, पण कोरड्या आणि ओल्या हवेची तिरकी गुणके (डोक्यावरचा उशीर तिरक्या वाटेवर किती पट होतो ते) सारखी नसतात. उरलेला फरक उंचीत जातो आणि खालचे कोन घेतले असतील, तर दोन-तीन मि.मी.ची खोटी वार्षिक लाट तयार होते. ती दरवर्षी ठरल्या महिन्यात येते, म्हणून भारासारखीच दिसते. उपाय सोपा आहे: हीच गुणके हवामान प्रारूपांवरून देणारे व्हिएन्ना मॅपिंग फंक्शन, व्हीएमएफ१ किंवा व्हीएमएफ३, आणि त्यासोबतचा दाब वापरा. तो मिळत नसेल तर जीपीटी३ हे दाब-तापमानाचे सरासरी प्रारूप घ्या, त्यात निदान हंगाम तरी असतो.

वाफेचे मूल्य किती वेळाने मोजू द्यायचे, यावरही पावसाळ्यात फरक पडतो. दोन तासांना एक मूल्य जानेवारीत चालते. ढग घाटाला अडून कोसळत असताना ते पुरत नाही. दर १५ ते ३० मिनिटांना एक मूल्य आणि पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण अशा दोन्ही उतारांचे (त्या दिशेने उशीर किती बदलतो त्याचे) मोजमाप चालू ठेवा. सह्याद्री पूर्वेला भिंतीसारखा उभा असल्याने दोन बाजूंची हवा इथे सारखी नसतेच.

बेसलाइन, म्हणजे ठरलेल्या बेसपासून दुसऱ्या ठिकाणच्या रोव्हर अँटेनापर्यंतची रेषा, मोजणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुमचा बेस आणि रोव्हर वीस-तीस किलोमीटरवर असतील, तर भाराची घसरण दोघांत जवळपास सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. मे आणि ऑगस्टच्या मोजणीत चिपळूणच्या बेसपासून कुंभार्ली घाटाच्या माथ्यावरच्या खुणेची उंची दोन-तीन सेंटीमीटरने वेगळी आली, तर त्याचा भूकवचाशी संबंध नाही. दोन ठिकाणांच्या उंचीतल्या सहाशे-सातशे मीटरच्या फरकातली वाफ नीट मोजली गेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. अशा बेसलाइनवर तासाभराची मोजणी पावसाळ्यात पुरत नाही. सलग २४ तास घ्या आणि दोन्ही टोकांची वाफ वेगवेगळी मोजू द्या.

ओली जमीन, भातखाचर आणि निळी ताडपत्री

ओला पृष्ठभाग कोरड्यापेक्षा जास्त परावर्तन करतो. सड्यावर आकाश मोकळे मिळते म्हणून तिथे स्टेशन बसवतात आणि ते योग्यच आहे. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच कातळावर वीतभर खोलीची डबकी साचतात. खालच्या अंगाला भातखाचर असेल तर जुलैत ते आरसाच होते. थेट सिग्नल आणि पाण्यावरून उसळून आलेला सिग्नल अँटेनात मिसळतात.

ओळख अशी पटते. रायनेक्स फाइलमधून (रिसीव्हरच्या निरीक्षणांची प्रमाण फाइल) एकेका उपग्रहाचे सिग्नल-बल काढा आणि ५ ते २५ अंशांपर्यंत उपग्रहाच्या कोनाच्या साइनसमोर मांडा. पाण्यावरून परावर्तन असेल, तर बलात नियमित हिंदोळे दिसतात. हिंदोळ्यांची संख्या परावर्तक किती खाली आहे ते सांगते. अँटेना पाण्याच्या ३ मीटर वर असेल, तर जीपीएसच्या एल१ वारंवारतेवर या पट्ट्यात सुमारे साडेदहा हिंदोळे पडतात, एल२ वर आठ-सव्वाआठ. दीड मीटर असेल तर बरोबर निम्मे. मे महिन्यातल्या त्याच उपग्रहाच्या, त्याच दिशेच्या आलेखाशी तुलना करा. दिशा कळली की नेमके कोणते खाचर ते जागेवर जाऊन दाखवता येते. तेवढ्या दिशेचे १५ अंशांखालचे निरीक्षण गाळले तरी बहुतेक वेळा भागते.

गच्चीवरच्या स्टेशनांचा वेगळा प्रकार आहे. कोकणात मे महिन्यात घरोघरी पावसाची तयारी होते. गच्चीवर पत्र्याची शेड चढते, कठड्याला निळी ताडपत्री बांधली जाते, शेजारच्या इमारतीवर नवे पत्रे येतात आणि दसऱ्यानंतर यातले बरेचसे उतरते. अँटेनापासून चार मीटरवर पत्रा आला की उंचीत पायरी पडते, उतरला की उलटी पायरी. मे ते ऑक्टोबर, दरवर्षी. लाट बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला ही सुबक वार्षिक हालचाल वाटते. आलेख मात्र लपवत नाही: भाराची घसरण महिनोन्‌महिने चालते, पत्र्याची एका दिवसात होते. वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, अँटेनाजवळ उभे राहून चारही दिशांचे फोटो काढून ठेवा. पाच मिनिटांचे काम आहे आणि दहा वर्षांनी कुणालाही उपयोगी पडते.

झाडांचेही असेच. साग, ऐन, किंजळ उन्हाळ्यात निष्पर्ण होतात आणि पावसाळ्यात गच्च भरतात. ओले पान कोरड्या पानापेक्षा जास्त सिग्नल खाते. मेमध्ये जे आकाश मोकळे असते ते ऑगस्टमध्ये बंद होते, उपग्रहांची मांडणी बदलते आणि तिच्याबरोबर उंचीही. आंबा आणि नारळ वर्षभर सारखेच अडवतात, त्यामुळे त्यांचा हंगामी उपद्रव कमी. स्टेशनसाठी जागा बघायची तर ऑगस्टमध्ये बघा, एप्रिलमध्ये नको.

केबल, जोड आणि अँटेनाचे खळगे

इथे पाणी थेट यंत्रात जाते. केबलच्या जोडात ओल शिरली, की सगळ्या दिशांच्या सगळ्या उपग्रहांचे बल एकदम ३ ते ६ डेसिबलने उतरते. अडथळा असता, तर एकाच दिशेचे उतरले असते. हा फरक धरून ठेवा, त्याने निम्मे निदान घरबसल्या होते. जोडाची घसरण पावसाच्या सरीबरोबर येते आणि दोन दिवस ऊन पडले की जाते. भार असा वागत नाही.

जोड उघडा. आतल्या पितळी टोकावर हिरवट-पांढरी भुकटी दिसली, तर तो पुसून पुन्हा लावण्यात अर्थ नाही, जोड कापून नवा बसवा. हिरवा थर तारेच्या जाळीत हातभर आत गेलेला असेल, तर केबलच बदला. नव्या जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, निम्मा थर आधीच्या थरावर येईल अशी, खालून वर. त्यावर उन्हाला टिकणारी काळी विनाईल टेप. केबल रिसीव्हरच्या पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाला ठिबकते, पेटीत जात नाही. पेटीतल्या सिलिका जेलच्या पुड्या मेमध्ये बदला. रंग बदललेली पुडी काही शोषत नाही.

चोक रिंग (खालून येणारे परावर्तन अडवणाऱ्या कड्यांच्या) अँटेनाच्या गोल खळग्यांना पाणी निघून जायला भोके असतात. पाला, शेवाळ, कावळ्याच्या घरट्यातल्या काड्या यांनी ती बुजली की खळग्यांत पाणी उभे राहते आणि अँटेनाचा विद्युत मध्य (सिग्नल जिथे पोचला असे मोजणीत धरले जाते तो बिंदू) कॅलिब्रेशन केला तिथे राहत नाही. वर घुमट असेल तर त्यावर समुद्राचे मीठ आणि शेवाळ बसते, तेही गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने काढून टाका. पण घुमट स्वतः काढू किंवा बदलू नका. घुमटासहित आणि घुमटाविना अशी दोन कॅलिब्रेशने वेगवेगळी असतात. काढलाच, तर ती तारीख, वेळ आणि नवा चार अक्षरी घुमट-संकेत स्टेशनच्या नोंदीत लिहा. नोंदीतल्या नावात आणि प्रत्यक्ष अँटेनात फरक राहिल्याने उंचीत सेंटीमीटरभर चूक पडलेली मालिका काही दुर्मीळ नाही.

खांबाचे बोल्ट स्टेनलेसचे ३१६ प्रतीचे घ्या आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटला ते थेट भिडू देऊ नका, मध्ये नायलॉनचे वॉशर टाका. खाऱ्या हवेत दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि तीन-चार पावसाळ्यांत अँटेना सैल होते.

खांब कलतो आहे का, हे आडव्या आलेखात बघा. तीन मीटरचा खांब मीटरला एक मि.मी. कलला, तर वरचे टोक आडवे ३ मि.मी. सरकते, उंचीत मात्र काही जाणवत नाही. उलट, पावसाळ्यात उंची खाली जाण्याऐवजी वर गेली, तर पायाखालची चिकण माती फुगते आहे किंवा खाडीकाठच्या गाळात भूजल चढते आहे असे समजा. भरावाच्या जमिनीवर स्टेशन बसवू नका. घाटाच्या उतारावरच्या मातीत तर नकोच. २२ जुलै २०२१ला महाडजवळच्या तळियेत डोंगर खाली आला. अशा उतारांची माती मोठी दरड कोसळण्याआधीही पावसात सरकत असू शकते. तिथले स्टेशन दरडीच्या देखरेखीसाठी अनमोल आहे, मात्र पाण्याचा भार मोजायला निरुपयोगी.

खंड पडलेला डेटा

कोकणातल्या मालिकांचा सर्वांत मोठा रोग हाच, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जूनमध्ये वीज जाते, बॅटरी उतरते, विजेच्या कडकडाटात मोडेम जळतो, रस्ता खचल्याने माणूस पोचायला पंधरा दिवस लागतात. परिणामी जून ते सप्टेंबर डेटा तुटक असतो. ज्या महिन्यांत जमीन सर्वांत वेगाने खाली जाते, नेमके तेच महिने नाहीत. सॉफ्टवेअर तरीही वार्षिक लाट बसवते आणि आकडा छापते. त्यात भर म्हणजे, विजेने खराब झालेली अँटेना पावसाळ्यातच बदलली जाते, म्हणजे पायऱ्याही याच महिन्यांत. पायरी आणि घसरण एकमेकांत इतकी मिसळतात की नंतर वेगळी निघत नाहीत.

बॅटरीचा हिशेब आधी करा. साडेतीन वॅटचा रिसीव्हर दिवसाला ८४ वॅट-तास खातो, १२ व्होल्टवर ७ अँपिअर-तास. पाच दिवस सूर्य दिसणार नाही असे धरले, तर ३५ अँपिअर-तास लागतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे किमान ७० हवेत. मोडेमचा खर्च धरून १०० अँपिअर-तासांची बसवा. रिसीव्हरच्या आतल्या मेमरीत महिन्याभराचा डेटा राहील अशी सोय ठेवा. मोडेम बंद पडला म्हणून डेटा जाता कामा नये.

अँटेना बदलायचीच असेल, तर आधी आणि नंतर प्रत्येकी दोन-तीन आठवड्यांचा सलग डेटा असू द्या. शक्य असेल तर बदल मार्च-एप्रिलमध्ये करा, तेव्हा आलेख सपाट असतो आणि पायरी अचूक मोजता येते.

लाट बसवताना

सरळ रेषा, वार्षिक साइन-कोसाइन, सहामाही साइन-कोसाइन आणि तारीखवार पायऱ्या, इतके प्रारूप लागतेच. नुसती वार्षिक लाट पुरत नाही, कारण कोकणात आलेख चार महिन्यांत उतरतो आणि सात-आठ महिने चढतो. हा तिरकेपणा सहामाही पद घेते. रोजच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरू नका. पांढरा (रोज स्वतंत्र) आणि फ्लिकर (दिवसेंदिवस रेंगाळणारा) असा दोन्ही गोंगाट धरला नाही, तर त्रुटीचे आकडे भलतेच लहान छापले जातात.

अडीच वर्षांपेक्षा कमी डेटावरून उंचीचा वार्षिक वेग सांगू नका. तेवढ्या काळात हंगामी लाट वेगात शिरते. साडेचार वर्षे झाली की बिनधास्त सांगा.

काही लाटा पृथ्वीच्या नसतातच. जीपीएस कक्षांची सूर्यासापेक्ष मांडणी सुमारे ३५१.४ दिवसांनी पुन्हा तशीच येते आणि कक्षेतल्या चुका त्याच काळाने फिरून येतात. ३५१.४ आणि ३६५.२५ दिवसांच्या लाटा निव्वळ लांबीवरून वेगळ्या करायला जवळपास २५ वर्षांचा डेटा लागतो. इतका कुणाकडे नसतो, म्हणून केवळ जीपीएसचे आणि केवळ गॅलिलिओचे (युरोपच्या उपग्रहांचे) उत्तर वेगवेगळे काढून वार्षिक लाट ताडा. फरक मोठा आला, तर तो कक्षांचा आहे.

भरती-ओहोटीचा भारही असाच फसवतो. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाच मीटरपर्यंत फरक पडतो, दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला तो कमी होतो. या पाण्याने किनारा दिवसातून दोनदा दबतो आणि उठतो. हा भार दुरुस्त केला नाही आणि २४ तासांचे एकेक उत्तर काढले, तर भरतीचा एम२ हा घटक पंधरवड्याच्या लाटेत दिसतो, के१ वार्षिक आणि के२ सहामाही लाटेत. नेमक्या त्याच लाटा तुम्ही शोधत असता. स्वीडनमधल्या ओन्साला वेधशाळेच्या सेवेतून तुमच्या स्टेशनचे अकरा घटकांचे गुणांक एफईएस२०१४बी या भरतीच्या प्रारूपाने मागवून घ्या. अक्षांश-रेखांश नीट भरा. खाडीच्या तोंडावरचे स्टेशन प्रारूपाच्या चौकटीत समुद्रात पडले, तर उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. ध्रुवीय भरतीची (पृथ्वीचा अक्ष डुलल्याने जमीन हलते तिची) दुरुस्ती चालू आहे का तेही बघा, तिच्यातही वार्षिक भाग असतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरचा आणखी एक सापळा आहे. कोकण विषुववृत्तीय आयनमंडळाच्या, म्हणजे वरच्या हवेतल्या विद्युतभारित थराच्या, प्रभावात येते. विषुवदिनांच्या आसपास, सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत सिग्नल तुटतात. म्हणजे ज्या आठवड्यांत उंची तळाला असते, त्याच आठवड्यांत संध्याकाळचा डेटा कमी पडतो. रोजच्या निरीक्षणांची संख्या उंचीच्या आलेखाखाली मांडा. संख्या आणि उंची एकत्र घसरत असतील, तर संध्याकाळी ७ ते १२ गाळून सगळे वर्ष पुन्हा सोडवा आणि तळ तिथेच राहतो का ते बघा.

उपग्रहांच्या कक्षा आणि घड्याळे अंतिम प्रतीची घ्या, दोन आठवडे थांबावे लागले तरी. २७ नोव्हेंबर २०२२ला आयजीएस या आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेची आयजीएस२० ही संदर्भ-चौकट आणि तिच्याबरोबर अँटेनांची नवी कॅलिब्रेशने लागू झाली. त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची उत्तरे जुन्या-नव्या फायलींत मिसळली, तर त्या हिवाळ्यातल्या चढणीत पायरी पडते आणि पावसाळ्यानंतर जमीन जास्त किंवा कमी वर आल्यासारखी दिसू शकते. सगळी वर्षे एकाच चौकटीत पुन्हा सोडवा.

शेवटी प्रारूपाशी ताडणे

पोट्सडॅमच्या जीएफझेड या भूविज्ञान संस्थेची किंवा स्ट्रासबर्गची भार-सेवा रोजची मूल्ये फुकट देते: जमिनीवरचे पाणी, हवेचा दाब, समुद्राची बिगर-भरती पातळी, असे वेगवेगळे. तिन्ही घेऊन बेरीज करा. नुसते पाणी घेतले, तर जुळणी बिघडते, कारण जुलैत दाब कमी असल्याने जमीन थोडी वर उचलली जाते आणि पाण्याच्या घसरणीतला काही भाग झाकला जातो. किनाऱ्यावर हा परिणाम आतल्या भागापेक्षा कमी असतो, पण शून्य नसतो. सेवेत 'वस्तुमानाचा मध्य' (पाणी-हवेसह सबंध पृथ्वीचा) की 'आकृतीचा मध्य' (घन पृष्ठभागाचा) असा पर्याय येतो. आयजीएस कक्षांवरून काढलेल्या हंगामी मालिकेसाठी आकृतीचा मध्य घ्या.

गुरुत्वाकर्षणावरून पाणीसाठा मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या आकड्यांवरून कोकणपट्टीचे पाणी शोधू नका. त्यांची नजर सुमारे तीनशे किलोमीटरची आहे. कोकण, देश आणि अरबी समुद्र तिला एकाच ठिपक्यात दिसतात. सबंध पश्चिम भारताची लाट कधी तळाला जाते, एवढ्यापुरते ते आकडे चांगले.

प्रारूप वजा केल्यावर मालिकेचे विखुरणे कमी झाले पाहिजे. वाढले, तर प्रारूपाला दोष देण्याआधी चिन्ह उलटे लागले का, तारखा एक दिवसाने सरकल्या का आणि मिलिमीटर-मीटरचा घोळ झाला का, हे तीन बघून घ्या. त्यानंतरही शेजारच्या दोन स्टेशनांत लाट जुळते आणि तुमच्यात जुळत नाही असे असेल, तर टेप, पाना आणि फडके घेऊन जागेवर जा, आणि जायचे ते मृग लागण्याआधी.